खाडीतलं बिऱ्हाड

घर पुढे नेणं सोपं असतं, मागे घेणं अवघड. मी संसाराबद्दल बोलत नाही. त्याला रिव्हर्स गियरच नसतो. मी बोलतोय ते ओटा, बेसिन, झोपायची सोय आणि न्हाणीघर असलेल्या, चाकांवरच्या एका खऱ्याखुऱ्या घराबद्दल. हे घर मी शुक्रवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या फाटकातून उलटं आत घेत होतो, आणि सोसायटीतली झाडून सगळी माणसं हातवारे करून मला दिशा दाखवत होती. प्रत्येकाची दिशा वेगळी. मी सगळ्यांचा मान राखायचा प्रयत्न केला. त्यामुळे फाटकाचा डावा खांब आता किंचित नम्र झाला आहे.

कारण होतं आमची ताई. ताई माझी थोरली बहीण. आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून ती आईजवळ होती, आणि आई बरीच वर्षं खिळून होती. आम्ही दर सुट्टीत कुठे ना कुठे जात असू आणि ताई दर सुट्टीत तिथेच असे. गेल्या वर्षी आई गेली. त्यानंतर ताई रविवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागली. अशाच एका रविवारी बायकोने सहज विचारलं, "ताई, आता तुम्हाला कुठे जावंसं वाटतं?"

"कुठे नाही गं, घरच बरं," हे उत्तर आम्हाला पाठ होतं. मी तर भाजी वाढून घ्यायलाही लागलो होतो. पण ताई म्हणाली, "समुद्राकाठी. थंडीत तिथे खाडीत पक्षी येतात म्हणे. लांबलांबून."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. ताईला काहीतरी हवं आहे, ही आमच्या घराण्यात ताजी बातमी होती.

आता यात आमचाही एक बेत होता. अडगळीची खोली आम्ही नुकतीच रिकामी केली होती. रंग दिला, पलंग आणला, बायकोने पडदे शिवून घेतले. ताईने आमच्याकडेच राहायला यावं, असं दोघांनाही मनापासून वाटत होतं. फक्त तिला विचारायचं कोणी, यावर घोडं अडलं होतं. बायको म्हणे, "बहीण तुमची आहे." मी म्हणे, "बाईमाणसाने बाईमाणसाशी बोललेलं बरं." शेवटी ठरलं, की सहलीत, मोकळ्या हवेत, समुद्राकडे बघत मी हा विषय काढायचा.

लॉजमध्ये उतरून हे सगळं सुखाने झालं असतं. पण मी विमा कंपनीत गाड्यांच्या अपघातांचे दावे तपासतो. दुसऱ्यांच्या गाड्या आयुष्यभर मोडलेल्या अवस्थेत पाहिल्या, की माणसाला एकदा तरी धडधाकट गाडीतून भटकावंसं वाटतं. भाड्याने मिळणाऱ्या कॅरॅव्हॅनची जाहिरात मी पाहिली होती. मागे समुद्र, पुढे घडीची खुर्ची, खुर्चीत माझ्याच वयाचा माणूस, आणि त्याचं पोट माझ्यापेक्षा मोठं. मला तो एकदम जवळचा वाटला.

"विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर," बायको एवढंच म्हणाली. तिचा विरोध नेहमी म्हणींतून सुरू होतो.

गाडी सोसायटीत लागली आणि तिचं प्रदर्शन झालं. तळमजल्यावरच्या काकूंनी कपाटं उघडून बघितली, गादी दाबून बघितली, आणि "एवढ्याशा न्हाणीघरात तुम्ही मावणार का हो?" असं सगळ्यांदेखत विचारलं. पण खरे पाहुणे म्हणजे वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले. आता बांधायला पूल नसल्याने ते शेजाऱ्यांचे संसार तपासतात. ते गाडीखाली शिरले, बाहेर आले, आणि गंभीरपणे म्हणाले, "तुमचा गुरुत्वमध्य चुकलाय."

माझं आजवर बरंच काही चुकलं आहे, पण हे पहिल्यांदाच कळलं. उपाय म्हणून त्यांनी मागच्या बाजूला विटा ठेवायला लावल्या. शिवाय एक जाडजूड दोर, दोन फळ्या आणि स्वतःची पाणसळ दिली. "सकाळी निघण्याआधी मी आतून एकदा लेव्हल बघतो," असंही बजावलं.

सकाळी ते काही दिसले नाहीत. आम्ही निघालो. ताई खिडकीशी बसली होती, दुर्बीण मांडीवर, तिच्यावर दोन्ही हात. शहर मागे पडलं, रस्ता रुंद झाला. मी आरशात पाहून एक समाधानाचा सुस्कारा सोडणार, तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला, "उजवीकडे भार जास्त होतोय हं."

बायको किंचाळली. मी ब्रेक दाबला. मागच्या विटा पुढे आल्या. वरच्या फळीवरच्या अंथरुणातून इंजिनियरसाहेबांचं डोकं बाहेर आलं. लेव्हल बघायला ते पहाटेच वर चढले होते. लेव्हल उत्तम निघाली. इतकी उत्तम, की त्यांना झोप लागली.

"साहेब, आम्ही तुम्हाला परत सोडतो," मी म्हणालो.

"काही घाई नाही," ते म्हणाले, आणि पुन्हा आडवे झाले.

त्यांना परत सोडून यायला सकाळ गेली. उतरताना त्यांचा चेहरा इतका पडला होता, की ताईने त्यांना आमच्या डब्यातली सँडविचं देऊन टाकली. सगळी.

गावाच्या वेशीवर पोचलो तेव्हा दुपार झाली होती. तिथे रस्त्यावर एक लोखंडी कमान होती, उंच गाड्या आत जाऊ नयेत म्हणून लावलेली. बायको खाली उतरली, मान वर करून बघितलं आणि म्हणाली, "नाही जाणार." मी खाली उतरलो, मान वर करून बघितलं आणि म्हणालो, "जाईल." या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे. "मला वाटलं जाईल" हे वाक्य मी शेकडो दाव्यांमध्ये वाचलंय आणि प्रत्येक वेळी तांबड्या शाईने अधोरेखित केलंय.

गाडी गेली. छतावरची हवेची झडप मात्र कमानीलाच राहिली. आता झोपायच्या जागेवर आभाळ दिसेल असं एक चौकोनी भोक पडलं.

"छान उजेड आला," ताई म्हणाली. लहानपणापासून ती मला असंच सांभाळून घेते. आणि मग भर रस्त्यात, दोन सायकलवाले आणि एक दूधवाला ऐकत असताना म्हणाली, "जाऊ दे छोट्या, रडू नकोस." मी पन्नाशी ओलांडली आहे. मी रडत नव्हतो. डोळ्यांत गंज गेला होता.

गाव खरंच निवांत होतं. उतरत्या कौलांची घरं, एक बेकरी, एक शिंप्याचं दुकान, आणि गल्लीच्या टोकाला चकाकणारी खाडी. गाडी कुठे लावायची ते विचारायला मी नगरपालिकेत गेलो. ताई आणि बायको बाहेर पायरीवर बसल्या. खिडकीमागच्या कारकुनांनी चष्मा सारखा केला.

"गाडी आहे की घर?"

"गाडी."

"आत काय काय आहे?"

मी अभिमानाने सगळं सांगितलं. तिथेच चुकलो.

"ओटा आहे म्हणजे घर झालं. घर रस्त्यावर उभं करता येत नाही. त्याला घर नंबर लागतो."

"अहो, पण त्याला चाकं आहेत."

"मग गाडी झाली. वाहतूक चौकीत जा. पण गाडीत झोपता येणार नाही हं. झोपलात की घर."

वाहतूक चौकीतले हवालदार सज्जन होते. त्यांनी बाहेर येऊन गाडीला एक फेरी मारली, आणि म्हणाले की आत शिजवत असाल तर आरोग्य खात्याला विचारावं लागेल. आरोग्य खात्यातल्या बाईंनी विचारलं, सांडपाणी कुठे सोडणार? सांडपाणी म्हणजे पाणीखातं. पाणीखातं नगरपालिकेतच होतं. त्याच खिडकीत. तेच कारकून. फक्त आता त्यांनी चष्मा काढला होता.

माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. खिडकीतून मान बाहेर काढून ते हळूच म्हणाले, "असं करा, खाडीकडे जा. मोडक्या होडीच्या पलीकडे मोकळी जागा आहे. ती कोणाच्याच हद्दीत येत नाही."

"का बरं?"

"ती जमीन आहे की पाणी, हे नकाशावर अजून ठरलेलं नाही."

मी त्यांचा हात हातात घेऊन आभार मानले. त्यांनी मला अक्षरशः सगळं सांगितलं होतं, पण मला ते सवलत दिल्यासारखं ऐकू आलं.

बाहेर आलो तर पायरीवर बायको एकटीच होती. "ताई जरा गल्लीत फिरून येते म्हणाल्या," ती म्हणाली. ताई आली ती बऱ्याच वेळाने, गाल लाल झालेले. "कुठे होतीस?" विचारलं तर म्हणाली, "इथेच. शिंपीणबाईंशी बोलत होते." मी फार लक्ष दिलं नाही. खात्यांची प्रदक्षिणा घातलेला माणूस दुसऱ्याच्या गालांकडे बघत नाही.

मोडक्या होडीपलीकडची जागा अप्रतिम होती. सपाट, मोकळी, समोर खाडीचं रुंद पाणी, लांबवर समुद्राची रेघ. मी पाणसळ लावून गाडी सरळ केली. घडीची खुर्ची मांडली. जाहिरातीत होतं तसंच बसलो. ताई शेजारी येऊन उभी राहिली. हाच तो क्षण, असं मनाशी म्हणून मी घसा साफ केला आणि सुरुवात केली, "ताई, आमच्याकडे ती अडगळीची खोली आहे ना..." तेवढ्यात खुर्ची मिटली. मी आत होतो. विषय तिथेच मिटला.

सकाळी जाग आली ती चहाचा कप टेबलावरून चालत आल्याने. कप चालत होता कारण टेबल कलतं होतं, टेबल कलतं होतं कारण गाडी कलती होती. बायको दार उघडून उभी होती.

"अहो, काल आपण जमिनीवर होतो ना?"

"होतो."

"मग हे काय?"

पायरी पाण्यात होती. दुसरी पायरीही पाण्यातच असावी, ती दिसत नव्हती. रात्री आलेली भरती आता हळूहळू उतरू लागली होती. पाणी गेलं तसा खाली चिखल उघडा पडला, आणि त्या चिखलात आमची चाकं अशी रुतून बसली होती, जणू ती तिथेच उगवली असावीत. ज्या बाजूला इंजिनियरसाहेबांच्या विटा होत्या, ती बाजू जास्त खोल गेली होती.

मदत मागायला दारातून उतरणं शक्य नव्हतं. पहिलाच पाय गुडघ्यापर्यंत गेला आणि चप्पल खाडीने ठेवून घेतली. मग मी वरच्या फळीवर चढलो आणि छताच्या भोकातून डोकं बाहेर काढलं. काठावर माणसं होती! मातकट कपडे, टोप्या, तिपाईवर दुर्बिणी. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "वाचवा!"

"श्श!" काठावरून सगळेच एकदम म्हणाले.

त्यांच्यातले एक भरघोस मिशांचे गृहस्थ चिखलाच्या कडेपर्यंत आले. ते गावच्या पक्षिमित्र मंडळाचे अध्यक्ष होते, हे नंतर कळलं. त्यांनी तोंडाभोवती हात धरून कुजबुजत्या स्वरात आरोळी ठोकली. अशी आरोळी मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली. "डोकं आत घ्या! पाखरं उतरताहेत! त्यांना घार वाटेल!"

मला आजवर लोकांनी बरंच काही म्हटलं आहे, पण शिकारी पक्षी कोणी म्हटलं नव्हतं. क्षणभर बरंही वाटलं. "आम्ही बुडतोय!" मी म्हणालो.

"ओहोटी आहे, बुडणार कसे? होड्या ओढायचा ट्रॅक्टर आहे गावात, आणतो. पण आत्ता नाही. आत्ता ती जेवायला बसलीत. भरती लागली की आपणहून उठतील!"

"भरती लागली की आम्हीही उठू!"

"पहिलं पाणी चढायच्या आत काढतो तुम्हाला, शब्द देतो. तोवर दार उघडू नका, हलू नका, आणि कृपा करून तो लाल शर्ट बदला!"

मी डोकं आत घेतलं. स्वतःच्या भाड्याच्या घरात, परमुलखात, पाखरांच्या जेवणासाठी स्थानबद्ध झालेला मी पहिलाच दावे तपासनीस असेन. मी शर्ट बदलला. बायकोने न सांगता खिडक्यांचे पडदे अर्धे ओढले. ताई केव्हाच खिडकीशी गुडघ्यांवर बसली होती.

"छोट्या," ती श्वासाच्या आवाजात म्हणाली, "इकडे ये. हळू."

मी रांगत गेलो. खिडकीखाली, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, पाखरं होती. लांब गुलाबी पायांचे काळेपांढरे शेकाटे, एकेक पाऊल उचलून तपासून टाकत चाललेले, जसे आमचे मोठे साहेब साठलेल्या पाण्यातून ऑफिसात येतात. छोटे तुतवार, शेपटी सारखी वरखाली, चिखलात चोची खुपसत धावणारे. त्यांच्यामागे आणखी, आणि मग पाण्याच्या कडेपर्यंत नुसती हलती, टिपणारी, पुटपुटणारी पाखरंच पाखरं. आमची कलंडलेली गाडी त्यांनी मोठा खडक म्हणून मान्य केली असावी. एक शेकाट्या तर चाकाच्या सावलीत उभा राहून पंख विंचरत होता. काठावरचे लोक तिपाया सरकवत, माना ताणत बघत होते, आणि आम्ही ऐन मांडवात बसलो होतो.

ताईने दुर्बीण डोळ्याला लावलीच नाही. तिची गरज नव्हती.

किती वेळ गेला कोण जाणे. बायकोने मला कोपराने ढोसलं. मी समजलो. एवढी शांतता पुन्हा मिळणार नव्हती, आणि मिटायला आता खुर्चीही नव्हती.

"ताई," मी कुजबुजलो, "आम्ही ती खोली आवरली आहे. तुझ्यासाठी. रंगही दिलाय. आमच्या खोलीच्या अगदी शेजारी आहे. रात्रीअपरात्री काही लागलं, तर नुसती हाक मारलीस की झालं."

ताईने खिडकीवरची नजर काढली नाही. "पडदे कोणते लावलेत?"

"निळे," बायको म्हणाली.

"छान दिसत असतील." मग म्हणाली, "तुम्ही दोघं फार चांगली आहात. खरंच सांगते. पण मला आता कुणाच्या खोलीशेजारची खोली नकोय रे छोट्या. इतकी वर्षं मी एक कान उघडा ठेवून झोपले. आई गेली तरी तो कान मिटतच नाही. तुझ्याकडे आले तर तू खोकलास की मी उठेन."

मला नेमका तेव्हाच खोकला आला. मी तो उशीत दाबला.

"काल तू खिडक्यांसमोर उभा होतास ना, तेव्हा मी एक खोली बघून आले," ताई म्हणाली. "शिंप्याच्या दुकानावर. समोर खाडी. आईचं घर बंद करून ठेवते. थंडी संपेपर्यंत ही पाखरं इथे असतात, शिंपीणबाई म्हणाल्या. तोवर राहीन म्हणते."

"एकटी?"

"हो ना," ताई म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, जसा एखाद्याला पुरस्कार जाहीर झाल्यावर पसरतो.

मला वाईट वाटलं. उगाच का खोटं बोलू? मोठ्या मनाने द्यायला काढलेली वस्तू समोरच्याने हसून परत केली, की आपण हातात ती धरून कसे दिसतो ते आपल्याला पहिल्यांदा दिसतं. मी म्हणणार होतो, की परक्या गावात, या वयात, लोक काय म्हणतील. तोंड उघडलंही. बायकोने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "ताई, तिथे पडदे आहेत का? नसतील तर ते निळे मी पाठवते."

"नको गं," ताई म्हणाली. "पडदे कशाला लावायचे?"

अध्यक्ष शब्दाचे पक्के निघाले. पाण्याची पहिली जीभ चिखलावरून पुढे आली तशी सगळी पाखरं एकदम उठली. आकाशात चादर झटकावी तसा थवा एकदा पांढरा, एकदा काळा झाला आणि खाडीपलीकडे गेला. लगेच ट्रॅक्टर आला. इंजिनियरसाहेबांचा दोर पहिल्याच झटक्याला तुटला. ट्रॅक्टरवाल्याच्या साखळीने गाडी हलली, पण आधी पुढचा बंपर एकटाच काठावर पोचला. गाडी बाहेर निघाली तेव्हा पाणी चाकांना लागलं होतं आणि मी पायजम्यात, एका चपलेत, चिखलाने माखून ती ढकलत होतो. मंडळाच्या सभासदांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी असाव्यात असं समजून मी मान झुकवली. पण ते सगळे ताईभोवती जमले होते. तिने काय पाहिलं, किती जवळून पाहिलं, पंखांखाली रंग कसा होता, हे विचारत होते. अध्यक्षांनी तर मिशा सावरून तिला विचारलं, "बाई, आपण दर रविवारी आमच्याबरोबर याल का?"

"रविवारी?" ताई म्हणाली. "मी रोज येईन."

या गाडीचा दावा माझ्याच टेबलावर आला असता, तर मी तो वाचताना हसून हसून नामंजूर केला असता, असा विचार करत मी बंपर आत, पलंगावर झोपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. ताईची पिशवी आदल्या दिवशीच वर पोचली होती. खोलीत एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची, आणि भिंतीऐवजी म्हणावी एवढी मोठी खिडकी. बायकोने बेकरीतून पाव आणून टेबलावर ठेवला. मी सगळ्या कड्या लावून, काढून बघितल्या. नळ सोडला, बंद केला. शेवटी करण्यासारखं काहीच उरलं नाही, तेव्हा आम्ही खाली आलो.

गाडी मी शिंप्याच्या दुकानासमोरच लावली होती. स्टिअरिंगवर बसलो, पण किल्ली फिरवेना. मनात बरंच साचलं होतं. तब्येत जप, रोज फोन कर, कंटाळलीस तर एका हाकेवर येतो, आणि या सगळ्याच्या खाली आणखी काहीतरी, ज्याला मला शब्द सापडत नव्हते. सापडतील म्हणून मी काच खाली केली आणि वर पाहिलं. ताई खिडकीत आली होती. केस मोकळे, हातात चहाचा कप. ती वाकली, माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. मी मान आणखी बाहेर काढली.

"काय म्हणतेस, ताई?"

"अरे छोट्या," ती हलक्या आवाजात म्हणाली, "गाडी जरा पुढे घे ना. समोर शेकाटे येऊन बसलेत. दिसत नाहीये."

मी गाडी पुढे घेतली.